दोघांना दिसलं तर

"परत आला की लगेच त्याच्या हातात पोरीला देऊ नकोस," असं भिडूच्या बायकोने तिला बजावलं होतं, आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं. भिडू म्हणजे तिच्या नवऱ्याचा जोडीदार. जिथे हिऱ्यांची खाण अजून नाही पण जमिनीखाली हिरे असावेत असं कंपनीला वाटतं, अशा लांबच्या ओसाड भागात मोसमामोसमाला जायचं, जमीन चाळायची, हे दोघांचं काम. आणि तिथे कायम जोडीनेच जायचं म्हणून तो भिडू. घरात त्याला दुसरं नाव नव्हतंच. त्याची बायको त्या वेळी त्याची बायको असण्याच्या अगदी शेवटच्या आठवड्यात होती. सामान बांधून झालं होतं, हिच्याकडे राहिलेली शिलाईची कात्री तेवढी न्यायला आली होती, आणि चहा नको, पाणी नको, असं दारातच चाललं होतं. "तिकडून येतात ना, तेव्हा आधी नुसता देह येतो गं. नजर मागून येते, मालगाडीने. तोवर यांच्या हातात काही द्यायचं नाही. पोर नाही, गाडी नाही, गॅससुद्धा नाही." मालगाडीने म्हटल्यावर हिला हसू फुटलं. ती मात्र हसली नाही. कात्री पर्समध्ये टोक खाली करून नीट ठेवली, पर्सची चेन ओढली आणि गेली. दार लावताना हिच्या मनात आलं, संसार मोडलेल्या बाईच्या तोंडाला कडवटपणा यायचाच, आपण कशाला मनावर घ्यायचं. आणि खरंच घेतलं नाही. तिची लेक, ठकी, तेव्हा रांगत होती.

ते शब्द तिला आठवले भर चौकात, ठकीचे बूट घ्यायला तिघं निघाली होती तेव्हा. नवरा येऊन आठवडाही झाला नव्हता. उन्हाने रापलेला, कानांच्या पाळ्या सोललेल्या, घरातल्या प्रत्येक खुर्चीला ती अडचणीची आहे असं वाटायला लावणारा. सिग्नल मिळाला, माणसं निघाली, त्याने ठकीचा हात धरला होता आणि ही दोन पावलं मागे, पर्सचं बटण लागत नाही म्हणून रेंगाळलेली. रस्त्याच्या बरोबर मध्ये तो थांबला. आणि त्याने हात सोडला. झटकला नाही, निसटलाही नाही. टेबलावर पेला ठेवावा, तो तिथेच राहणार आहे हे माहीत असल्यासारखा, तसा ठकीचा हात त्याने हवेत ठेवला आणि खाली वाकला. ठकीने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग वर बापाकडे, पण वर बाप नव्हता. डावीकडून एक बस वळत होती. हिच्या तोंडून आवाज आला तो कसला होता हे तिला अजून सांगता येत नाही, शब्द नव्हता. बस कचकन थांबली, आतली उभी माणसं पुढे आदळली, ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो साहेब, पोरगी तुमचीच आहे ना? की सापडली रस्त्यात?" ठकी हिच्या कमरेला घट्ट. आणि नवरा उकिडवा बसलेला तसाच, तळहात हिच्यासमोर धरून, अगदी शांत, जवळजवळ लाडाच्या आवाजात विचारतोय, "हे बघ. तुला दिसतंय का?" तळहातावर कुठल्याशा गाडीच्या मागच्या दिव्याची लाल कपची होती. "दिसतंय," ती म्हणाली. तो उठला, कपची खिशात टाकली, आणि मग जणू तेव्हाच त्याला बस दिसली, तिच्या पुढच्या काचेतून खाली बघणारे सगळे चेहरे दिसले, आणि तो पांढराफटक पडला. बूट घेतले. निळे घेतले. दुकानात त्याने ठकीच्या बुटांचे बंद सोडले आणि पुन्हा बांधले, किती वेळा कोण जाणे.

घरी सासूबाईंना तिने सांगितलं नाही, ठकीने सांगितलं. "बाबाने मला रस्त्यात ठेवलं." सासूबाई भाजी चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली नाही. "तो लहानपणापासून खाली बघूनच चालतो. खिशातून एवढे दगड निघायचे, कपडे भिजवले की बादली वाजायची. शिकून त्याचाच पगार घेतो म्हणून आता त्याला काम म्हणायचं." "आई, बस आली होती." "आली होती आणि थांबली ना?" मग थोड्या वेळाने, भाजी फोडणीला टाकल्यावर, पाठ न वळवता, "तू पुढे चालत जा गं. त्याच्या पुढे. म्हणजे हात तुझ्याकडे राहील." म्हणजे त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती. त्या दिवसापासून ती घरात डोळ्यांत तेल घालून राहायला लागली. तिचं कामही डोळ्यांचंच. एका चष्म्याच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांचे डोळे तपासते. लेकीच्या जन्मानंतर आता अर्धाच दिवस. समोर अक्षरांचा तक्ता, मध्ये भिंगं बदलत राहायची, आणि विचारत राहायचं, आता दिसतंय? आणि आता? आधीचं बरं की हे? माणसं तिथे किती खोटं बोलतात हे बाहेर कोणाला सांगून खरं वाटणार नाही. खालची ओळ दिसत नसली तरी दिसते म्हणतात. आधीच्या माणसाचं ऐकून पाठ करून येतात. म्हातारे लाजेने, तरुण पोरी चष्मा नको म्हणून, आणि पुष्कळसे नुसते तिला बरं वाटावं म्हणून, ही बिचारी एवढं विचारते आहे तर. त्यामुळे ती कोणाच्या हो-वर विसंबत नाही. ती बुबुळ बघते, मानेचा कल बघते, कपाळ आवळलं की सैल हे बघते. आता घरी ती नवऱ्याचं कपाळ बघायला लागली. तो सकाळी दात घासताना बेसिनमध्ये बघायचा, चूळ टाकण्याआधी थांबायचा. सासूबाईंनी तांदूळ निवडायला ताट पुढे केलं तर तासभर बोटाने दाणे पांगवत बसायचा, खडा निघाला तरी टाकायचा नाही, ताटाच्या कडेला रांगेत मांडायचा. आणि दिवसातून कितीदा तरी ते. हातावर काहीतरी धरून यायचं. शर्टाचं बटण. टोमॅटोच्या सालीचा वाळलेला तुकडा. ठकीच्या खडूचं टोक. लाल, तांबडं, तपकिरी, डाळिंबी. "दिसतंय?" ती पोळपाटावरून, फोनवरून, ठकीच्या डोक्याला तेल लावताना मान वळवायची आणि म्हणायची, "दिसतंय रे बाबा." की तो गेला, पुन्हा खुर्चीत. एकदा रागाने म्हणाली, "मी काय तुझं भिंग आहे का?" तो म्हणाला, "हो," आणि त्यात चेष्टा नव्हती.

लाल का, ते तिला माहीत होतं. लग्न ठरत होतं तेव्हाच त्याने सांगितलं होतं, एका बागेतल्या बाकावर, खिशातून काचेची कुपी काढून. इतर मुलं काय काय देतात, याने वाळू दिली. हिरा कोणी शोधत नाही, म्हणाला, हिरा फार थोडा असतो, तो सापडतच नाही. शोधायचे त्याचे सोबती. जमिनीच्या पोटातून फार खालून एखादा दगडाचा नळ वर आलेला असतो, हिरे असले तर त्यात. आणि त्याच्याबरोबर वर येतात ते हे डाळिंबी दाणे, गार्नेट. नळाचं तोंड मातीखाली दडून जातं, पण दाणे ओढ्यांनी, बर्फाने लांब लांब वाहत जातात. आपण उलटं चालायचं. दर काही पावलांनी माती घ्यायची, चाळायची, दाणे शोधायचे. दाणे वाढत गेले की पुढे जायचं. आणि एकदम दाणे संपले की समजायचं, नळ मागे राहिला, आपण त्याच्यावरून चालत आलो. तिथून मागे फिरायचं. लांब आलेला दाणा गुळगुळीत असतो, नळाजवळच्या दाण्यावर अजून साल असते. "म्हणजे घर जवळ असलेलं लेकरू," ती म्हणाली होती, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला होता. बहुधा तेव्हाच ठरलं. ती कुपी अजून कपाटात असेल. त्या बाकावर बसलेल्या मुलीला तिला आता धरून हलवावंसं वाटायचं. विचार ना पुढचं. विचार, मग रात्री काय करता, कोणाशी बोलता, बोलायला काही उरलं नाही की काय होतं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं होतं की हा माणूस बारीक गोष्टी बघतो, म्हणजे मला बघेल.

कंपनीची एक पद्धत आहे. पुन्हा पाठवण्याआधी कंपनीची डॉक्टरीण माणसाला तपासते आणि मग त्याच्या घरी फोन करते. झोप कशी, भूक कशी, राग येतो का, एकटे बसतात का. माणसं त्याला बायकांची परीक्षा म्हणतात, आणि सगळ्या बायका सगळ्यांना पास करतात. तिनेही आजवर केलं होतं. फोन दुकानात आला, एक आजोबा हनुवटी टेकून भिंगांमागे बसलेले असताना. "सगळं ठीक आहे ना?" डॉक्टरीण म्हणाली, त्या सुरात जो ठीक आहे हेच उत्तर मागतो, पुढे दहा फोन असतात. जिभेवर हो आलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या हो-मध्ये फक्त सवय नव्हती. तो गेला असता तर घर मोकळं झालं असतं. खुर्ची मोकळी, बेसिन मोकळं, रस्ता ओलांडताना हात आपल्याच हातात. स्वतःबद्दल हे कळल्यावर तिला जी शरम वाटली तिनेच बहुधा तिला बोलायला लावलं. "नाही," ती म्हणाली. "ठीक नाहीये." आणि चौकातलं सगळं सांगितलं. पलीकडे टायपिंगचा आवाज थांबला आणि मग पुन्हा, भराभर, सुरू झाला. आजोबा भिंगांमागून म्हणाले, "बाई, मी डोळे मिटू का उघडे ठेवू?"

या मोसमाला त्याला पाठवणार नाहीत हे नवऱ्याला तीन वाजता कळलं आणि तिला तो घरी आल्यावर. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सासूबाई ठकीला घेऊन बाल्कनीत जाऊन बसल्या आणि बाल्कनीचं दार त्यांनी लावून घेतलं, जे त्या कधी करत नाहीत. "मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास मी ठीक आहे." "मी ठीकच आहे." "अरे, तू हात सोडलास तिचा!" तो म्हणाला, "ते चुकलं. ते मी नाही म्हणत नाही. ते आयुष्यभर नाही म्हणणार नाही." आणि खुर्चीत बसून, बोटं बोटांत अडकवून त्याने सांगितलं. तिथे काही आठवडे झाले की डोळा भरतो. तेच शोधून शोधून मग तेच दिसायला लागतं. करड्या खड्यावर लाल दिसतं, नसतं तिथे दिसतं, आणि आपल्याला ते कळत नाही, आपल्याला तर ते दिसतच असतं. "म्हणून आमचं ठरलेलं. एकाने उचललं की हातावर धरून दुसऱ्याला दाखवायचं. दोघांना दिसलं तर पिशवीत. दुसऱ्याला नाही दिसलं तर टाकून द्यायचं, तिथल्या तिथे. वाद घालायचा नाही, पुन्हा बघ म्हणायचं नाही. आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही. तेवढं एक अजिबात नाही." "आणि घरी? घरी कोणते हिरे आहेत?" "घरी डोळा उतरेपर्यंत. तू दिसतंय म्हणालीस की मला कळतं, हे खरंच आहे, इथलं आहे. काल मोरीच्या फरशीवर लाल ठिपका होता, ठकीला विचारलं. ती म्हणाली, नाही बाबा. मग मी नाही म्हटलं स्वतःला, हात धुतले आणि बाहेर आलो. कमी होतंय ते. रोज कमी होतंय." ती उभीच होती. इतके दिवस ती ज्याला दुखणं समजून मोजत होती ते औषध होतं, आणि तो ते तिच्याकडून थोडं थोडं मागून घेत होता, आणि ती पोळपाटावरून मान वळवून देत होती. पण म्हणून बस आली नव्हती असं होत नाही. दोन्ही खरं होतं. "बरं," ती शेवटी म्हणाली, "मग या वेळी विश्रांती घे. पुढच्या मोसमात जा." तो म्हणाला, "आणि भिडू?"

भिडूचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जमीन तिथे वर्षातून थोडेच दिवस मोकळी असते, मग पुन्हा गोठते. कंपनी थांबत नाही. एकाला रोखलं तर दुसरा निघतो, नवा जोडीदार मिळेल तेव्हा मागून येतो. तोवर तिथे एक स्वयंपाकी आणि एक यंत्र सांभाळणारा, दोघांनाही दाण्यातलं काही कळत नाही. "मग त्याला बघणार कोण?" हे नवऱ्याने विचारलं नाही, तिनेच विचारलं. नवऱ्याने तिला आधीच्या एका जोडीची गोष्ट सांगितली. एकाचा पाय मुरगळला म्हणून तो तंबूत राहिला आणि दुसरा एकटाच गेला. दाणे मिळत गेले, वाढत गेले, तो पुढे जात राहिला. "ज्याला दाणे दिसतच राहतात तो मागे कशाला फिरेल?" विमानाने शोधला तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या काठाला बसलेला होता, खूश होता, पिशवी भरलेली. ओतली तर सगळे करडे खडे, एकात लाल नाही. "वाचला. आता कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतो." दोघंही हसली, कारण हसण्याची गरज होती. मग तो म्हणाला, "त्याला फोन केला होता मी. म्हणतो, तू आराम कर, मी काय मरतो का."

भिडू निघायच्या दिवशी सकाळी दारात आला. नवरा खाली पाव आणायला गेला होता, सासूबाई ठकीला शाळेत सोडायला. गॅसवर दूध, दारात हा, सहा फूट, पाठीवर बोचकं, आणि जिन्यातला दिवा नेहमीप्रमाणे गेलेला. "वहिनी, बसत नाही, खाली गाडी उभी आहे. त्याची चाळणी द्या फक्त, बारीकवाली. माझीला भोक पडलंय." तिने चाळणी आणून दिली. "भावोजी, चहा तरी..." "नको नको. बरं, तुम्ही नापास केलंत म्हणे त्याला?" ती लाल झाली. तो हसला, खरोखर हसला, दात दिसले. "अहो, चेष्टा केली. बरं केलंत. माझी असती तर तिनेही केलं असतं. म्हणून तर नाहीये ती." "तुम्हांला फोन आला का? घरचा?" "कोणाला करतील? घरात फ्रिज आहे, तो उचलत नाही." खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो जिना उतरायला वळला, एक पायरी उतरला, आणि परत फिरला. शर्टाच्या खिशातून चिमटीने काहीतरी काढलं, तळहातावर ठेवलं आणि हात तिच्यापुढे धरला. चेहरा बदलला होता. चेष्टेचा मागमूस नाही, एखादं लेकरू आईला दाखवतं तसा. "वहिनी, दिसतंय?" तिने पाहिलं. तळहात होता. रेषा, अंगठ्याखाली जुनी भाजल्याची खूण, घट्टे. आणखी काही नव्हतं, किंवा जिन्यातल्या त्या उजेडात दिसण्याएवढं नव्हतं, किंवा नव्हतं. तिला सगळं माहीत होतं. नियम माहीत होता, आठवडाच झाला होता ऐकून. रोज दुकानात बसून ती जे खोटं पकडते ते हेच, हेही माहीत होतं. पण ज्या माणसाचा सोबती आपण काढून घेतला तो दारात उभा आहे, चालला आहे, खाली हॉर्न वाजतोय, आत दूध वर येतंय, आणि तो आपल्याकडे एवढंच मागतोय. कपाळ त्याचं आवळलेलं. "हो," ती म्हणाली. "दिसतंय की." कपाळ सैल झालं. त्याने मूठ मिटली, ते जे काही होतं ते खिशात घालून बटण लावलं आणि म्हणाला, "चला. मग डोळा ठीक आहे." शीळ घालत गेला. दूध उतू गेलं होतं.

नवरा लिफ्टने वर आला, म्हणजे चुकामूक झाली. पावाची पिशवी हातातच. "येऊन गेला? काय म्हणाला?" तिने सांगितलं, चाळणी, फ्रिज, सगळं, आणि मग ते. "काय दाखवलं?" "माहीत नाही." "माहीत नाही म्हणजे?" "मला काही दिसलं नाही." "आणि तू काय म्हणालीस?" तिने ओटा पुसायचं फडकं हातात घेतलं होतं, ते ती पिळत राहिली, ते कोरडं होतं. नवऱ्याने फोन लावला. गाडीतच होता तो, लगेच उचलला, इतक्या मोठ्याने बोलत होता की तिला ऐकू येत होतं. "अरे, वहिनींनी बघितलं ना!" "तिला नाही दिसलं रे. ती उगाच म्हणाली." "उगाच कशाला म्हणतील? त्यांचा धंदाच डोळ्यांचा आहे." "भिडू, ऐक, गाडी फिरव." "तुला जळायला होतंय, बस घरी." तिने फोन हिसकावून घेतला. "भावोजी, मी खोटं बोलले. मला खरंच काही दिसलं नाही, तुमची शपथ." तो फार समजूतदारपणे, जवळजवळ मायेने म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही त्याच्यासाठी बोलताय. कळतं मला. मी काही मनात ठेवणार नाही." फोन बंद. पुढे बंदच, विमान, मग दुसरं विमान, मग तंबूजवळच्या तळ्यावर उतरणारं छोटं विमान, आणि मग तिथे फोन नाहीच, संध्याकाळी यंत्रावरून कंपनीला दोन ओळींचा निरोप जातो तेवढाच.

तिने डॉक्टरिणीला फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, त्यांना मी तपासलंय, वजन, रक्तदाब, सगळं उत्तम; आणि घरचा फोन म्हणाल तर त्यांच्या घरी कोणी नाही, त्यामुळे ते आपोआप पुढे जातं. आपोआप पुढे जातं, हे ती दिवसभर मनात म्हणत राहिली, भिंगं बदलताना, ठकीचा डबा भरताना. त्याच्या आधीच्या बायकोचा नंबर शोधून तिलाही लावला. "मी आता कोण त्यांची?" ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही. मग एका संध्याकाळी नवरा कंपनीतून आला तो बूट न काढता आत. निरोप आला होता. दाणे मिळताहेत. रोज वाढताहेत. साल असलेले दाणे, म्हणजे नळ अगदी जवळ. उत्तरेला पुढे सरकतोय, माणूस पाठवायची घाई नको, मी ठीक आहे. ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते म्हणाला. "पण तो भाग आम्ही दोन मोसम चाळलाय," नवरा म्हणाला. "दोघांनी. तिथे दाणा नाही. एकसुद्धा नाही. साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणतात, तुला वाईट वाटणं मी समजू शकतो." सासूबाई म्हणाल्या, "अरे, मग जाऊन आणा ना त्याला कोणी." नवऱ्याने आईकडे पाहिलं. "आई, वाईट बातमी असली तर विमान जातं. चांगल्या बातमीला कोण कशाला जातंय?"

आता नवरा बरा आहे. रस्ता ओलांडताना ठकीचा हात त्याच्याकडे असतो आणि ही दोन पावलं मागे असते, तरी बघत असते. पण निरोप रोज येतोय, आणि रोज दाणे वाढताहेत, आणि कंपनीला त्याची काळजी करायला एकही कारण दिसत नाहीये. नवा जोडीदार अजून मिळालेला नाही. म्हणून तिने हे सगळ्यांना सांगायचं ठरवलंय, जो ऐकेल त्याला. दुकानात हनुवटी टेकून बसणाऱ्यांनासुद्धा ती सांगते, लोक चमकतात. तुम्हांलाही तेवढ्यासाठीच. तुम्ही त्या बाजूला कामाला असाल, किंवा तुमचा भाऊ, दीर, मेव्हणा तिकडे छोटं विमान उडवत असेल, तंबूतल्या माणसांना पीठ-मीठ पोचवत असेल, तर त्याला म्हणावं, पोती टाकून लगेच उडू नकोस. तळ्याच्या उत्तरेच्या काठाने जरा चालत जा. उंच, किडकिडीत माणूस आहे, चालताना शीळ घालतो, हाक मारली तर लगेच वळेल, स्वभावाने फार गोड आहे, तुम्हांला हसवेलसुद्धा. पिशवी ओतायला लावा. वाईट वाटेल त्याला, पण लावा. आणि तो म्हणेल, मी ठीक आहे, जा तुम्ही. तसं म्हणाला तर कृपा करून निघून येऊ नका.